जांभ्याखालची साफसफाई

(दृश्य: गोव्यातलं दाबोळीचं पठार, उतारावरची विहीर)

पठारावर जांभा आहे म्हणून पायथ्याच्या विहिरींना पाणी आहे. पावसाचं पाणी या भोकाभोकांच्या दगडात मुरतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडतं. पण पाण्याला जी वाट मिळते, तीच पेट्रोललाही. 2023च्या अखेरीस दाबोळी परिसरात विहिरींत इंधन उतरलेलं लोकांनी पाहिलं.

पाण्यावर तरंगणारं इंधन उपसता येतं. दगडाच्या फटींत चिकटलेलं कसं काढणार? तिथे जमिनीतलेच जिवाणू कामाला येतात. इंधन हे त्यांचं खाद्य. हवा आणि थोडं नत्र-स्फुरद मिळालं की ते भराभर फस्त करतात. फक्त खाली काम चाललंय की नाही, हे वर उभं राहून कळायचं कसं? जागोजागी बोअर मारणं परवडत नाही. शिवाय प्रत्येक बोअर म्हणजे घाणीला खोल जायला आणखी एक वाट.

(दृश्य: हातोडा, स्टीलच्या सळया, केबल)

म्हणून या सळया. दोन सळयांतून वीज सोडायची, दुसऱ्या दोघींमध्ये व्होल्टेज मोजायचं, मग जोड्या बदलत जायचं. कोरडठाक जांभ्यात सळई नुसती ठोकून भागत नाही. बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं, नाहीतर वीज आत शिरतच नाही. अशा शेकडो मोजण्यांतून संगणक जमिनीचा उभा छेद रंगवतो.

ताजं इंधन वीज अडवतं. जिवाणू ते खाऊ लागले की आम्लं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, खनिजं झिजतात, क्षार पाण्यात उतरतात आणि तीच जागा वीज वाहू लागते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल इथे युरेनियमने बाधित भूजलात जिवाणूंचं खाद्य म्हणून ॲसिटेट सोडलं होतं. तिथे जिवाणूंमुळे तयार झालेली लोहाची सल्फाइडंसुद्धा अशा विद्युत मोजणीत दिसली.

गोव्यात मात्र पाऊस मध्ये येतो. जूनमध्ये जांभा भिजला की वीज तशीच सहज वाहते. खाडीकाठी खारं पाणी शिरलं तरी तेच. तेव्हा एकच देखणं रंगीत चित्र पुढे करून ‘जागा साफ झाली’ म्हणणाऱ्याला आधीचं चित्र मागावं. सळया त्याच जागी हव्यात, तुलना मे महिन्याची मे महिन्याशीच हवी, आणि शेजारची स्वच्छ जमीनही मोजलेली हवी. पेट्रोलमधलं विषारी बेंझीन किती उरलं, ते पाण्याच्या नमुन्यातच कळतं. तो नमुना कुठून घ्यायचा हे चित्र सांगतं, आणि तेवढ्यानेही बरेच बोअर वाचतात.