कठड्याला टेकून पाहिलेला फुटबॉल

मंडळी, कोल्हापुरातल्या आपल्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना फुटबॉल म्हणजे काय हे सांगायला मी आलेलो नाही. पाटाकडील आणि दिलबहार या दोन तालमींची मॅच असली की पेठेत सकाळपासून काय वारं असतं, हे तुम्ही माझ्याइतकंच जाणता. आपल्याकडे क्लब म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. मला वाटायचं, हे फक्त कोल्हापुरातच असेल. मुलीकडे इंग्लंडला जाणं-येणं सुरू झालं आणि तो समज गेला. तिथल्या शनिवारी मी जे पाहिलं ते तुम्हाला सांगावं, म्हणून आज उभा आहे.

इंग्लंडमध्ये वरच्या चार पातळ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत. टीव्हीवर दिसतात ते त्यांतले वरचे वीस. या ९२च्या खाली शेकडो क्लब एकावर एक रचलेल्या लीगमध्ये खेळतात, आणि त्या सगळ्या उतरंडीला लोक 'नॉन-लीग' म्हणतात. शनिवार, दुपारी तीन, ही त्यांची वेळ. १९६०च्या दशकापासून तिथे एक नियम पाळला जातो: शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात कुठलीही मॅच टीव्हीवर थेट दाखवायची नाही. लोकांनी घरात न बसता आपल्या गावच्या मैदानावर जावं, लहान क्लबच्या गेटवर चार पैसे जमावेत, एवढाच त्यामागचा हेतू. एवढ्या पैशाच्या खेळात असा नियम अजून टिकून आहे, याचं मला फार मोल वाटतं.

मी पहिल्यांदा गेलो तो दक्षिण लंडनच्या डल्विच हॅम्लेटला. १८९३चा क्लब, रंग गुलाबी आणि निळा. शेजारी भलंमोठं सुपरमार्केट आणि त्याच्या बाजूने मैदानाकडे जाणारा रस्ता. रस्त्याचं नाव एडगर केल वे. हा एडगर केल डल्विचचाच. जन्मभर हौशी राहिला, पोटासाठी नोकरी केली आणि शनिवारी गोल मारले. १९२९ साली तो इंग्लंडकडून तीन सामने खेळला. पहिल्याच सामन्यात, पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध, त्याने दोन गोल केले. नॉन-लीगमधून इंग्लंडच्या संघात गेलेल्या शेवटच्या काही खेळाडूंपैकी तो एक. ज्यांच्या आजोबांनीही त्याला पाहिलं नसेल अशी विशी-पंचविशीची पोरं आजही गोलमागे उभी राहून त्याच्या नावाची गाणी म्हणतात.

गेटवर पैसे घेणारा, चहा देणारी, कार्यक्रमपत्रिका विकणारा, सगळे स्वयंसेवक. आत गेल्यावर मैदानाभोवती कमरेएवढा लोखंडी कठडा. त्याला टेकून उभं राहायचं. मध्ये जाळी नाही, पोलीस नाहीत. बॅक गोलकीपरवर ओरडतो ते ऐकू येतं, चिखलात टॅकल झाला की त्याचा आवाज पोटात जाणवतो. मध्यंतराला मला एक गोष्ट दिसली आणि ती फार आवडली. शंभर-दोनशे लोक आपापले कप घेऊन निघाले आणि मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. आपली टीम आता त्या बाजूला गोल करणार, म्हणून आपणही तिकडे. विरुद्ध टीमचे लोक वाटेत समोरून येत होते. एकमेकांना वाट देत दोन्ही घोळके पुढे गेले.

आता या मैदानाची गोष्ट ऐका. जुनं चॅम्पियन हिल प्रचंड होतं. १९३३ साली हौशी क्लबांच्या चषकाच्या, म्हणजे हौशी चषकाच्या, अंतिम सामन्याला तिथे वीस हजारांवर माणूस होता. १९४८च्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ हरवलं ते इथेच. १९९०च्या सुमारास जुनं स्टेडियम पाडलं, जागेचा मोठा भाग सुपरमार्केटला गेला आणि उरलेल्या तुकड्यावर १९९२ साली आताचं छोटं मैदान झालं. पण जमीन क्लबची नव्हती. २०१८च्या मार्च महिन्यात जमीनमालकाशी वाद टोकाला गेला आणि क्लबला मैदानातून बाहेर काढलं. एवढंच नाही, क्लबचं नावसुद्धा मालकाशी जोडलेल्या कंपनीने आपल्या नावावर नोंदवलं होतं आणि 'हे नाव तुम्ही वापरू नका' अशी नोटीस आली. सव्वाशे वर्षांच्या क्लबला त्याचं स्वतःचं नाव वापरायची बंदी! आपल्या तालमीला उद्या कुणी असं म्हटलं तर काय होईल, ते मी बोलून दाखवत नाही.

लोक रस्त्यावर आले, इतर क्लबांचे पाठीराखेही आले. नावाचा दावा सोडून द्यावा लागला. शेजारच्या टूटिंग अँड मिचम क्लबने आपलं मैदान वापरायला दिलं. तिथे परक्या घरी खेळत असतानाच, त्याच मोसमात, डल्विच वरच्या लीगमध्ये चढले. डिसेंबरमध्ये ते चॅम्पियन हिलला परत आले. मी गेलो तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं, पण चहाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईंनी मला सगळं कालच घडल्यासारखं सांगितलं. प्रत्येक वाक्यात 'आम्ही' होतं.

मग मला नादच लागला. शेफील्डला गेलो. शेफील्ड एफसी हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब, स्थापना २४ ऑक्टोबर १८५७. तेव्हा इंग्लंडच्या फुटबॉलचा कारभार पाहणारी फुटबॉल असोसिएशनसुद्धा नव्हती, ती १८६३ची. शेफील्डने स्वतःचे नियम लिहिले आणि पुढची वीस वर्षं त्या भागातले क्लब त्याच नियमांनी खेळले. आपण कॉर्नर किक म्हणतो तिचं मूळ त्यातच आहे. एवढा थोर क्लब, पण जवळजवळ दीडशे वर्षं त्याला स्वतःचं मैदान नव्हतं. आज या मैदानावर, उद्या त्या. २००१ साली मैदान मिळालं तेही शेफील्डमध्ये नाही, शेजारच्या डर्बीशर परगण्यातल्या ड्रॉनफील्ड गावात, एका पबच्या मागे. २०११ साली क्लबने आपली मूळ नियमांची वही लिलावात काढली. तिला ८ लाख ८१ हजार पौंडांच्या वर किंमत आली. पैसे हवे होते ते क्लब चालवायला, सोयी करायला. घरातली पोथी विकून छप्पर घालावं, तसं मला वाटलं. त्यांना दोष द्यायचं माझं मन होत नाही.

आणि त्याच शहरात, टेकडीवर क्रॉसपूल भागात, हॅलम एफसी. १८६०चा, म्हणजे दुसरा सर्वांत जुना. याच्याकडे मैदान आहे: सँडीगेट. १८०४ पासून तिथे क्रिकेट खेळलं जाई. २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलम आणि शेफील्ड यांचा सामना इथे झाला, शेफील्ड २-० जिंकले. त्याच जागी आजही सामने होतात, म्हणून जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान असा मान त्याला मिळाला आहे. मैदानाला चांगलाच उतार आहे. चेंडू एका कोपऱ्याकडे आपसूक घरंगळतो आणि दुसऱ्या हाफमध्ये ज्यांच्या वाट्याला चढ येतो त्यांची दमछाक होते. इतक्या वर्षांत तो उतार कुणी सपाट केला नाही. मी उत्तरार्ध त्या खालच्या कोपऱ्यापाशी काढला. थंडीने बोटं बधिर झाली होती, पण जागा सोडवेना. १८६७चा युडन कप, फुटबॉलमधली पहिली स्पर्धा, ती हॅलमनेच जिंकली. तो चषक अनेक वर्षं हरवला होता आणि १९९७ साली सापडला.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर एवढंच लक्षात ठेवा: पाऊस झाला असेल तर निघण्याआधी क्लबला फोन करा. मी एकदा दोन गाड्या बदलून पोचलो तर गेटला कुलूप होतं, मैदानात पाणी साचलं म्हणून सामना सकाळीच रद्द झाला होता. आणि गेटवर 'गोल्डन गोल'चं तिकीट मिळत असेल तर जरूर घ्या. त्यावर एक मिनिट छापलेलं असतं, पहिला गोल त्या मिनिटाला झाला तर बक्षीस. बाकीचे पैसे क्लबला.

शेवटी इल्फर्डचं सांगतो. ते मैदान मी पाहिलं असं म्हणता येणार नाही. ३१ जुलै १९४८, स्वतंत्र भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना, ऑलिंपिकमध्ये, फ्रान्सविरुद्ध. तो झाला पूर्व लंडनमध्ये, इल्फर्ड एफसी या हौशी क्लबच्या लिन रोड मैदानावर. कप्तान नागा टेकड्यांमधले तालिमेरेन आओ. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. सारंगपाणी रामनने बरोबरी साधली, दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही चुकल्या. ८९व्या मिनिटाला फ्रान्सने गोल केला, १-२. लहानपणी ही हकिकत वडिलांनी इतक्यांदा सांगितली होती की त्या पेनल्टी मीच चुकवल्या असं वाटायचं.

न्यूबरी पार्क स्टेशनवर उतरून लिन रोड शोधला. मैदान १९७७ साली घरांसाठी विकलं गेलं. पडदे, सायकली, कचऱ्याच्या पेट्या, एका दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. जुन्या नकाशाची प्रत हातात घेऊन गोल कुठे असेल याचा अंदाज करत मी दोनदा रस्ता चाललो. पेनल्टी कोणत्या टोकाला झाल्या, तेही समजेना.

मैदान गेल्यावर इल्फर्ड लेटनस्टोन क्लबात मिसळला. पुढे लेटनस्टोनचं मैदान विकलं गेलं, मग ते वॉल्थमस्टो अव्हेन्यूत मिसळले. ते मैदानही गेलं. शेवटी १९९२ साली डॅगनमशी जोडून डॅगनम अँड रेडब्रिज झाला. म्हणून तिथून बस धरून मी डॅगनमच्या मैदानावर गेलो. कठड्याशी शेजारी एक वयस्क गृहस्थ उभे होते. ते लहानपणी लिन रोडला जायचे. १९७४ साली हौशी चषकाची शेवटची फायनल वेम्ब्लीत झाली, तिथेही ते होते. इल्फर्ड १-४ हरले. भारताच्या सामन्याची गोष्ट त्यांच्या वडिलांनीही त्यांना सांगितली होती. अनवाणी खेळाडू पाहून सगळे कसे उठून उभे राहिले होते, ती.

मी कोल्हापूरचा, आमच्या पेठापेठांत क्लब आहेत, असं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मैदान कुणाचं आहे?" म्हटलं, एकच मोठं मैदान, छत्रपती शाहूंच्या नावाचं, सगळ्या तालमी तिथेच खेळतात. "सगळे? एकाच मैदानावर?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मग डॅगनमला कॉर्नर मिळाला आणि आम्ही दोघे तिकडे पाहू लागलो.