सोऱ्याच्या कारखान्यातली जांभळी वाफ

नमस्कार श्रोतेहो! जखमेवर लावायचं ते तपकिरी औषध तुम्ही पाहिलेलं असेल. त्यातल्या आयोडीनबद्दल आज बोलू. एक गोष्ट आधीच सांगतो, पुढे ती परत येईल. आयोडाइड म्हणजे जादा इलेक्ट्रॉन घेऊन बसलेलं आयोडीन. आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन काढून घेतला की आयोडीन तयार होतं. आयोडीनला इलेक्ट्रॉन दिला की पुन्हा आयोडाइड. आयोडीन रंगीत, आयोडाइड बिनरंगी.

आता माझा आवडता किस्सा. साल 1811. नेपोलियनची युद्धं चाललेली, बंदुकीच्या दारूला सोरा हवा. बर्नार्ड कुर्त्वा नावाचे गृहस्थ समुद्री शेवाळाची राख वापरून सोरा करायचे. एकदा त्या राखेच्या अर्कात गंधकाम्ल जरा जास्तच पडलं, आणि भांड्यातून जांभळी वाफ उठली! गार जागी ती टेकली, पण पाणी काही झालं नाही. थेट काळपट, चकाकणारे स्फटिक जमले. काहीजण सांगतात, मांजरानं बाटली पाडली म्हणून हे घडलं. मला ते मांजर कधीच पटलं नाही. प्रत्येक शोधात एखादं जनावर नाहीतर फळ घुसवायची आपल्याला खोडच आहे!

घडलं होतं एवढंच: शेवाळाच्या राखेत आयोडाइड होतं, गंधकाम्लानं त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेतला, आयोडीन मोकळं झालं.

कुर्त्वांना वाटलं, हे काहीतरी नवं आहे. पण पुढच्या संशोधनाला पैसा कुठला? त्यांनी नमुने मित्रांना दिले. 1813 साली बातमी फुटली. त्याच सुमारास हम्फ्री डेव्ही पॅरिसमध्ये होते. इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांशी लढत असताना हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ नेपोलियनच्या परवानगीनं तिथे आलेला! अँपिअर या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्यांना थोडे स्फटिक दिले. डेव्हींसोबत प्रवासी रसायनपेटी होतीच, लागले प्रयोगांना. इकडे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसॅकही कामाला लागले. दोघांचाही निष्कर्ष एकच: हे मूलद्रव्य आहे. मान कोणाचा यावर मात्र चांगलीच जुंपली. कुर्त्वांना 1831 साली 6000 फ्रँकचं बक्षीस मिळालं, पण 1838 मध्ये ते गरिबीतच गेले. कारखान्यात हात काळे करणाऱ्याचं नाव मागे पडतं, हा माझा जुना राग आहे, असो.

तर आयोडीन. क्लोरीनसमोर ते दुबळं. आयोडाइडच्या द्रावणात क्लोरीन सोडला की तो इलेक्ट्रॉन हिसकावतो आणि द्रावण तपकिरी होतं. ॲल्युमिनियमच्या भुकटीत आयोडीन मिसळून पाण्याचा एक थेंब टाकला, तर इतकी उष्णता निघते की उरलेल्या आयोडीनची वाफ होते. अमोनियाशी मात्र गाठ नको! त्यातून होणारा काळा पदार्थ वाळला की पिसाच्या स्पर्शानंही स्फोट होतो.

स्टार्चवर आयोडीन गडद निळं दिसतं, कारण स्टार्चच्या लांब साखळीच्या वेटोळ्यात ते शिरून बसतं. द्रावण तापवा, रंग जातो. गार होऊ द्या, परत येतो. या निळ्या द्रावणात क जीवनसत्त्वाची गोळी चुरून टाका. रंग गेला! क जीवनसत्त्वानं इलेक्ट्रॉन दिले, आयोडीनचं आयोडाइड झालं. पुन्हा सांगतो, इलेक्ट्रॉन दिला की आयोडाइड. रसातलं क जीवनसत्त्वही असंच मोजता येतं: रसात स्टार्च घालून आयोडीन थेंब थेंब सोडायचं आणि निळा रंग टिकला की थांबायचं. जीवनसत्त्व जितकं जास्त, तितकं जास्त आयोडीन लागतं.