गोंडघर फाट्यावरची चांदी

(दृश्य : वरळी, आजची रहदारी)

१२ मार्च १९९३. दुपारी दीडच्या सुमाराला शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला, आणि पुढच्या दोन-सव्वादोन तासांत मुंबई ठिकठिकाणी हादरली. त्याच दिवशी इथे, वरळीत, सीमेन्स कंपनीसमोर एक मारुती व्हॅन बेवारस सापडली. नंबर एमएफसी १९७२. आत एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब.

तपास आला राकेश मारिया यांच्याकडे. ते तेव्हा वाहतूक शाखेचे उपायुक्त होते. गाडीची नोंद निघाली मेमन कुटुंबातल्या एका महिलेच्या नावावर, पत्ता माहीमची अल हुसैनी इमारत. पोलीस पोचले तर घराला कुलूप, माणसं आधीच परदेशी निघून गेलेली. झडतीत स्कूटरची एक किल्ली हाती लागली.

(दृश्य : नायगावचा रस्ता)

१४ मार्चला नायगावात एक बेवारस स्कूटर मिळाली. आत आरडीएक्स. बॉम्बनाशक पथकानं ती निकामी केली. मग माहीमची ती किल्ली या स्कूटरला लावून पाहिली. लागली!

(दृश्य : पेन्सिल डिटोनेटर, जवळून)

नीट पाहा. स्फोट घडवणाऱ्या या पेन्सिल डिटोनेटरला घड्याळ नाही, बॅटरी नाही. नळीतली कुपी दाबून फोडायची. आतलं रसायन एक बारीक तार हळूहळू खात जातं. तार तुटली की स्प्रिंग सुटते आणि ठिणगी पडते. नायगावात ती पडली नाही, म्हणून हा रस्ता आज असा दिसतो.

(दृश्य : दिघी, शेखाडीचा किनारा, गोंडघर फाटा)

हा सगळा माल उतरला रायगडच्या किनाऱ्यावर. जानेवारीत दिघीला, फेब्रुवारीत शेखाडीला. आणि तो अडवलाही गेला होता, हे विसरता कामा नये. ९ जानेवारीच्या रात्री श्रीवर्धन ठाण्याच्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर गाड्या थांबवल्या. सौदा ठरला. रोकड पुरेना, म्हणून तारण म्हणून चांदीच्या विटा दिल्या-घेतल्या गेल्या, आणि गाड्या पुढे गेल्या. कस्टम्सच्या लोकांचेही हात ओले झाले होते. हा कट उधळायला कुणी मोठा गुप्तहेर लागत नव्हता. त्या रात्री फाट्यावर कुणी एकानं गाडीची ताडपत्री वर करून बघितली असती, आणि जे दिसलं ते ठाण्याच्या डायरीत लिहिलं असतं, तर पुरे होतं.

(दृश्य : नागला बंदर, खाडी)

पुढे अटका झाल्या, माणसं बोलती झाली. ठाण्याजवळ नागला बंदरच्या खाडीतून स्फोटकं निघाली. ती वापरली गेली असती तर आणखी किती घरं उजाड झाली असती!

(दृश्य : जुनी वृत्तचित्रं, संवाद नाही)

२५७ माणसं गेली, सातशेहून अधिक जखमी झाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये दहा हजारांवर पानांचं आरोपपत्र दाखल झालं. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयानं शंभर जणांना दोषी ठरवलं. त्यांत पोलीस होते, कस्टम्सचे अधिकारीही होते. त्याच मेमन कुटुंबातला, कटाचा मुख्य आरोपी टायगर मेमन अजून फरार आहे.