उड्डाण कंपनीचे, उत्तरदायित्व राज्याचे

१३ ऑक्टोबर २०२४. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, बोका चिकाच्या किनाऱ्यावर, सुमारे ७० मीटर उंचीचा बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा टप्पा, आकाशातून खाली येतो आणि ज्या मनोऱ्यापासून तो काही मिनिटांपूर्वी उडाला होता, त्याच मनोऱ्याचे दोन यांत्रिक बाहू त्याला अधांतरी पकडतात. स्पेसएक्सच्या ‘स्टारशिप’चे हे पाचवे चाचणी उड्डाण जगभर पाहिले गेले, त्यामागची कागदोपत्री हकिकत मात्र फारशी चर्चेत आली नाही. यान ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून सज्ज असल्याचे कंपनी सांगत होती, परवान्याला लागणाऱ्या वेळेबद्दल जाहीर नाराजी व्यक्त करत होती, आणि ‘एफएए’ या अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाची मंजुरी मिळाली ती उड्डाणाच्या आदल्या दिवशी.

खासगी कंपनीने सरकारसाठी का थांबावे, याचे उत्तर १९६७ च्या अंतराळ कराराच्या सहाव्या कलमात आहे. बिगरसरकारी संस्था अंतराळात जे करते, त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी तिच्या राज्यावर, म्हणजे देशावर असते. त्यामुळे तिला परवानगी देणे आणि तिच्यावर सतत देखरेख ठेवणे राज्याला टाळता येत नाही. १९७२ च्या दायित्व करारानुसार तर जमिनीवर झालेल्या हानीची भरपाई, दोष सिद्ध होवो वा न होवो, प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राने द्यायची असते. अणुभट्टी वाहून नेणारा सोव्हिएत उपग्रह ‘कॉसमॉस ९५४’ १९७८ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडे कोसळला, तेव्हा ते प्रकरण दोन सरकारांमध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर मिटले. उद्या एखादे खासगी यान परदेशात कोसळले, तरी दावा सरकारवरच येईल. म्हणूनच अमेरिकी कायदा कंपनीला त्रयस्थांच्या नुकसानीपोटी कमाल ५० कोटी डॉलरपर्यंतचा विमा उतरवायला लावतो.

जमिनीवरच्या माणसाची एवढी काळजी घेणारा हा कायदा यानातल्या प्रवाशाबाबत मात्र हात आखडता घेतो. २००४ पासून तेथे अशी तरतूद आहे की, कंपनीने धोके लेखी समजावून द्यावेत आणि प्रवाशाने संमतीची सही करावी. एखादी रचना वा कार्यपद्धती गंभीर इजेला, मृत्यूला किंवा तशाच जोखमीच्या प्रसंगाला कारणीभूत ठरल्याशिवाय नियामकाने प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तिच्यावर बंधने घालू नयेत. उद्योग नवा आहे, त्याला शिकू द्यावे, हा युक्तिवाद त्या काळी पटण्याजोगा होता. पण सप्टेंबर २०२४ मध्ये ‘पोलारिस डॉन’ मोहिमेत जॅरेड आयझॅकमन आणि सारा गिलिस यांनी खासगी यानातून पहिला व्यावसायिक स्पेसवॉक केला. इतकी मजल मारलेल्या उद्योगाला अजून शिकाऊ मानणे कठीण आहे. तरीही नियामकावरच्या या मनाईची अनेकदा वाढवलेली मुदत आता १ जानेवारी २०२८ पर्यंत लांबली आहे.

कक्षेतल्या कचऱ्याबाबत नियामक अधिक कठोर झाले आहेत, आणि गंमत अशी की ही शिस्त लावणारी ‘एफसीसी’ मुळात रेडिओ लहरींचे वाटप करणारी अमेरिकी संस्था आहे. निकामी उपग्रह निम्न कक्षेतून २५ नव्हे, तर ५ वर्षांत खाली आणण्याचा नियम तिने २०२२ मध्ये केला. भूस्थिर कक्षेच्या, म्हणजे जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर भासतो त्या कक्षेच्या, ३०० किलोमीटर वर न्यायचा निवृत्त उपग्रह इंधनाअभावी १२२ किलोमीटरवरच सोडल्याबद्दल २०२३ मध्ये डिश नेटवर्क या उपग्रह-दूरचित्रवाणी कंपनीला दीड लाख डॉलरचा दंड झाला. मात्र हे नियम अमेरिकेचा परवाना किंवा तिथली बाजारपेठ मागणाऱ्यांनाच बांधतात. संयुक्त राष्ट्रांची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वे सर्वांसाठी असली, तरी ती ऐच्छिक आहेत.