कान दुखतो म्हणणाऱ्या मुलाचे तोंडही पाहावे

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत पावसाने जोर धरला की मुलांच्या दवाखान्यात सकाळी येणाऱ्या आयांचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: ‘रात्रभर झोपला नाही, कान दुखतो म्हणतो.’ त्यापाठोपाठ आजी सांगतात, ‘लसूण घालून कढवलेले तेल दोन थेंब सोडले होते, तरी रडायचा थांबला नाही.’ मी लालबाग-परळ भागात बरीच वर्षे मुले तपासतो आहे. आजींच्या मायेविषयी मला शंका नाही, पण कानात तेल उतरले की आतला पडदा मला नीट दिसत नाही, आणि ज्या दुखण्यावर ते तेल घातलेले असते ते बहुतेक वेळा पडद्याच्या पलीकडे असते.

हे पलीकडचे दुखणे समजून घ्यायला हवे. नाकाच्या मागच्या भागापासून मध्यकर्णापर्यंत, म्हणजे पडद्यामागच्या हवेच्या लहानशा पोकळीपर्यंत, एक नळी जाते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि आतल्या हवेचा दाब बाहेरच्या दाबाइतका होतो. खंडाळ्याचा घाट चढताना कानात बसलेला दडा आवंढा गिळल्यावर सुटतो, तो यामुळेच. मोठ्या माणसात ही नळी साधारण ३६ मिलिमीटर लांब आणि नाकाकडे उतरती असते. तान्ह्या बाळात ती जवळजवळ निम्मी आणि बरीचशी आडवी असते. सर्दीत नळी सुजून बंद झाली की पोकळीत पाणी साचते, नाकातले जंतू त्यात वाढतात, पू होतो आणि पडदा आतून ताणला जातो. म्हणून सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेही रात्री आडवे झाल्यावर, कान ठणकू लागतो. सहा महिने ते दोन वर्षे या वयात हा त्रास सर्वांत जास्त आढळतो. ताणलेला पडदा कधी फुटतो, कान वाहू लागतो आणि मूल शांत झोपते; अशा वेळी घातलेले तेल सरळ मध्यकर्णात उतरते.

तान्हे बाळ कान दुखतो असे सांगू शकत नाही. ते भुकेने दूध ओढू लागते आणि दोन घोटांत तोंड बाजूला करून रडते, कारण चोखताना व गिळताना मध्यकर्णातला दाब बदलतो आणि कळ वाढते. आईला वाटते की बाळाचे तोंड आले असावे किंवा दात येत असावेत. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, बाळ स्वतःचा कानही ओढते, हे खरे. पण दातांमुळे १०२ अंश ताप येत नाही. त्या तापाला ‘दात येताहेत’ म्हणून अंगावर काढू नये.

याच्या उलटही घडते. कान दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाचे दुखणे कानात नसते. खालच्या दाढांची जाणीव ज्या मज्जातंतूने मेंदूकडे जाते, त्याचीच एक फांदी कानाच्या पुढच्या भागाला येते. घसा आणि टॉन्सिल यांना येणाऱ्या मज्जातंतूची शाखा मध्यकर्णात शिरते. त्यामुळे दाढेतली कळ कानात जाणवते, हे मोठ्यांनाही चकवते, मग मुलाची काय कथा? माझ्याकडे आलेल्या एका सात वर्षांच्या मुलाच्या कानात थेंबांच्या दोन बाटल्या संपल्या होत्या. दोन्ही पडदे मोत्यासारखे स्वच्छ होते. खालच्या दाढेला मात्र काळे भोक पडलेले होते. ‘दुधाची दाढ आहे, पडेलच ना?’ असे वडील म्हणाले. ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ उगवते ती कायमची असते, आणि ती कोणत्याही दुधाच्या दाढेची जागा घेत नसल्याने ती केव्हा आली हे घरात कोणाला कळतच नाही.

म्हणून तेलाच्या वाटीआधी मोबाइलची बॅटरी हातात घ्यावी. खालच्या दाढा, हिरड्या, जीभ आणि घसा पाहावा. तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ असेल, तर पाळणाघरांतून पावसाळ्यात पसरणारा हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार असू शकतो. कानाच्या पाळीखाली सूज असून आंबट खाताना कळ येत असेल, तर गालगुंड असू शकते. सरकारी लसीकरणातील गोवर-रुबेला लसीत गालगुंडाची लस नसते, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. कानाच्या भोकासमोरचा छोटा कूर्चेचा उंचवटा दाबल्यावर मूल ओरडले, तर दुखणे बहुधा बाहेरच्या नलिकेत असते. दमट हवेत आणि कानकोरण्याने ओरखडलेल्या कानात बुरशी लवकर धरते.

रात्री दोन वाजता डॉक्टर कुठून आणायचा? दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्यावे, पण वजनाप्रमाणे: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन वेळांत किमान सहा तासांचे अंतर. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय चमचा भरू नये, कारण काही औषधांत ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असते, तर काहींत २५०. तीन महिन्यांहून लहान बाळाला ताप असेल तर घरचा उपचार न करता थेट रुग्णालयात न्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊच नये. हिरडीला लवंगेचे तेल किंवा बधिर करणारे जेल लावू नये.

अँटिबायोटिक प्रत्येक वेळी लागतेच असे नाही. दोन वर्षांहून मोठ्या मुलाला ताप कमी आणि दुखणे सौम्य असेल, तर डॉक्टर ४८ ते ७२ तास थांबून पाहतात. ते टाळाटाळ करीत नसतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र ते सुरुवातीलाच द्यावे लागते. मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली काढून देणे चुकीचे आहे. कानामागे लाल सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, मूल गुंगीत असले, मान ताठ झाली किंवा चेहरा एका बाजूला वाकला, तर मात्र सकाळची वाट न पाहता निघावे.

बाळाला आडवे निजवून बाटली तोंडात देणे थांबवले तर कान आणि दात दोन्ही वाचतात. घरात कोणी सिगारेट किंवा विडी ओढत असेल तर त्याचा धूर कानापर्यंत पोहोचतो. कान पिकवणाऱ्या एका जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रांत सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते. दातांसाठी नायर दंत महाविद्यालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालयही आहे.

दुखणे थांबल्यावरही पडद्यामागचे पाणी कधी कधी तीन महिने तसेच राहते. ते ठणकत नाही, ताप आणत नाही, फक्त ऐकू कमी येते. मूल टीव्हीचा आवाज वाढवते, मागच्या बाकावरून शिक्षकांचे ऐकत नाही आणि घरी त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात. तीन महिन्यांनंतरही असे वाटत राहिले, तर नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. तोवर त्याला समोर बसवून, चेहरा त्याच्याकडे करून बोलावे.