अधिरसमचा पाक

जुन्या सुती वेष्टीवर, म्हणजे तमिळ धोतरावर, तांदूळ पसरलेत, घरातच, सावलीत. दोन तास भिजून, निथळून ते इथे आलेत. कावेरीकाठच्या तंजावूर भागातलं हे स्वयंपाकघर. दीपावलीला तीन दिवस आहेत आणि अधिरसम करायचंय: तांदळाचं पीठ आणि गुळाच्या पाकाचा, तळलेला तमिळ गोड पदार्थ.

थोड्या वेळाने पाट्टी, म्हणजे आजी, मूठभर तांदूळ उचलून आवळते. मूठ उघडते तेव्हा बरेचसे दाणे खाली गळतात, काही तळव्याला चिकटून राहतात. एवढीच ओल हवी. अधिरसमसाठी बाजारचं कोरडं पीठ चालत नाही, ते इथेच कळतं: त्यात ही ओल नसते, ते पाक पिऊन टाकतं आणि पदार्थ दगडासारखा होतो. तांदूळही ‘पच्चरिसी’च लागतो, म्हणजे कच्चा. इडलीचा उकडा तांदूळ नाही.

तांदूळ दळून लगेच चाळले. पीठ हाताला गार आणि दमट लागतंय.

आता गूळ. अर्धा किलो तांदळाला साधारण पावणेचारशे ग्रॅम. थोड्या पाण्यात विरघळवायचा, गाळायचा आणि पुन्हा आचेवर चढवायचा. पाकाला तमिळमध्ये ‘पागु’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

शेजारच्या वाटीत गार पाणी आहे. पाकाचा पहिला थेंब त्यात पसरून जातो. दुसरा तळाशी बसतो, पण चिमटीत धरला की निसटतो. तिसऱ्या थेंबाची मऊ गोळी वळते, आणि त्याच क्षणी आच बंद. थर्मामीटर लावला असता तर तो ११२ ते ११६ अंश सेल्सिअसच्या मध्ये कुठेतरी असता. पाक कच्चा राहिला तर अधिरसम तेलात विरतं, पुढे गेला तर कडक होतं. मला विचाराल तर सगळी कृती या एका वाटीभर पाण्यात आहे.

वेलची, सुंठ, आणि मग चमचा-चमचा पीठ. गोळा सैल दिसतोय, आणखी पीठ घालायचा मोह होतो. तो आवरायचा. गार होताना तांदूळ पाकातली ओल शोषत राहतो आणि गोळा आपोआप घट्ट होतो. वरून तूप लावून, झाकून, दोन दिवस मुरू द्यायचा.

हे सगळं पाहताना अनारसा आठवल्यावाचून राहत नाही. आपण तांदूळ तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, आणि पाक न करता किसलेला गूळ थेट दमट पिठात कालवतो. वर खसखस. पण भीती दोन्हीकडे एकच. अनारसा तेलात फुटून पसरला की आपल्याकडे म्हणतात, ‘हसला’. कढईसमोर बसलेल्या बाईला मात्र तेव्हा रडू येतं. आंध्र-तेलंगणात याच घराण्यातले अरिसेलु संक्रांतीला होतात, कर्नाटकात कज्जाय.

दोन दिवसांनी कढई चढते. तेल लावलेल्या केळीच्या पानावर गोळी थापायची आणि अलगद सोडायची. आच मध्यमच, तेल फार तापलं तर बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं. फुगून वर आलं की उलटायचं, तांबूस झालं की काढायचं आणि दोन सपाट झाऱ्यांमध्ये दाबायचं. पाहा, किती तेल परत कढईत गळतंय! हे दाबणं टाळलं तर दुसऱ्या दिवशी अधिरसम तेलकट लागतं.

दीपावलीच्या अमावास्येला अनेक तमिळ घरांत केदारगौरीचं व्रत असतं. नैवेद्याला अधिरसम, तीही २१. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारसे देणाऱ्या घरांना ही मोजदाद नवी वाटणार नाही.

पाट्टी मोजते आहे. एकवीस झाली. ती वेगळ्या ताटात. बाकीची स्टीलच्या डब्यात, आणि नैवेद्य होईपर्यंत त्या डब्याचं झाकण कुणी उघडायचं नाही.