शिंगं लावून विचारलेला जाब

श्रोतेहो, नमस्कार.

माझं लहानपण पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळांवर गेलं. आमच्या गुळव्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या चट्ट्यांची रांग होती. तो म्हणायचा, "पोरा, तेल उडालं तर पुसता येतं. काहिलीतला पाक उडाला की कातडी धरूनच बसतो." पुढे कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरच्या सोंगांबद्दल वाचलं, तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आला तो हा हात. आज त्या सोंगांबद्दलच बोलायचं आहे.

ग्रेनाडाचा कार्निव्हल, म्हणजे रस्त्यावरचा सोंगांचा उत्सव, ऑगस्टमध्ये असतो. सोमवारी उजाडायच्या आत माणसं रस्त्यावर उतरतात. अंगभर काळं फासलेलं असतं. पूर्वी मळी आणि काजळी असायची, आता बहुतेक वेळा गाड्यांचं जळकं ऑइल असतं. डोक्यावरच्या टोपाला खरी गुराची शिंगं असतात. पायांमागे साखळदंड फरफटत असतो, आणि शंखांचा आवाज तर अखंड चालू. या शिंगवाल्या सोंगाला तिथे 'जाब' म्हणतात. सैतानासाठी असलेल्या 'दियाब्ल' या फ्रेंच शब्दाचं ते बोलीतलं रूप आहे. आपल्या 'जाब विचारणे'शी त्याचं काही नातं नाही. पण मराठी कानाला तो शब्द जसा ऐकू येतो, तसंच ते सोंग वागतं, असं मला मनापासून वाटतं.

शेजारच्या त्रिनिदादमध्ये त्याचा भाऊबंद आहे, 'जाब मोलासी', म्हणजे मळीचा सैतान. त्याच्या कमरेला साखळी असते. ती दुसऱ्या सोंगाने धरलेली असते आणि हा ती तोडायला बघत असतो. तिसरा डबा बडवतो. जाब अंगावर धावून येतो आणि हात पुढे करतो. पैसे टाकलेत तर ठीक, नाहीतर त्याच्या अंगावरचं काळं तुमच्या पांढऱ्या कपड्यांवर.

हे पैसे कसले, ते समजायला मागे जावं लागतं. त्या बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं राबत होती. मळ्यांच्या मालमत्तेच्या याद्या आजही वाचायला मिळतात. इतके बैल, इतकी खेचरं, इतके गुलाम आणि प्रत्येकासमोर किंमत. हंगामात रस काढायचं आणि उकळायचं काम रात्रंदिवस चाले. चरकाच्या लाटांपाशी कुऱ्हाड ठेवलेली असे. झोपेने पेंगलेल्या माणसाचा हात लाटेत गेला, तर अख्खा माणूस ओढला जाण्याआधी हात तोडायचा, एवढ्यासाठी. उकळत्या काहिलीत पडून मेलेल्या गुलामाचं भूत म्हणजे जाब मोलासी, असं लोक सांगतात. गोष्ट ऐकीव असेल, काहिली मात्र ऐकीव नव्हत्या.

त्या बेटांवर तेव्हा राज्य असलेल्या ब्रिटिशांच्या संसदेने 1833 साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. तो 1 ऑगस्ट 1834 पासून लागू झाला. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले आणि ते गेले मालकांना. राबलेल्यांना एक पैही नाही. उलट 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली त्यांना आणखी चार वर्षं, 1838 पर्यंत, त्याच मालकांकडे आठवड्याचे चाळीस-पंचेचाळीस तास बिनपगारी राबावं लागलं. आता जाबाचा पुढे आलेला हात पुन्हा बघा. तो भीक मागत नाही. थकलेली मजुरी मागतोय.

आणि शिंगं? तुम्ही आम्हाला जनावरांच्या यादीत घातलंत ना, मग हे घ्या जनावर. साखर तुम्ही नेलीत, आमच्या वाट्याला मळी ठेवलीत, तीच अंगाला लावून आलोय. आपणही 'बैलासारखा राबतो' असं सहज म्हणून जातो. ते ऐकून घेणाऱ्याने उद्या शिंगं लावून दारात उभं राहावं, तसं हे आहे. याला नुसतं लोकनृत्य म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. परफॉर्मन्स आर्ट हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधी या माणसांनी स्वतःचं शरीर हेच विधान केलं होतं.

त्रिनिदादच्या कार्निव्हलचं एक मूळ जळक्या उसात आहे. मळ्याला आग लागली की आसपासच्या मळ्यांतले गुलाम शिंग फुंकून, चाबूक वाजवत हाकलले जात, ऊस वाया जायच्या आत तोडायला. फ्रेंचमध्ये 'कान ब्र्यूले', जळालेला ऊस. सुटकेनंतर लोकांनी मशाली आणि ढोल घेऊन त्याच हाकलण्याचं सोंग काढलं. त्याला ते 'कँबुले' म्हणू लागले. 1881 साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलीस मशाली विझवायला आले, तेव्हा लोकांनी काठ्यांनी सामना केला. 1884 मध्ये कायद्यानेच मशाली आणि ढोल बंद केले. मग बांबू ठोकून ताल धरला गेला.

जळीत ऊस आपल्यालाही नवा नाही. मागच्या हंगामात आमच्या शिवारात असा एक फड पेटला. दुसऱ्या दिवशी पहाटे टोळी आली. मराठवाड्यातून उचल घेऊन आलेल्या जोड्या. जळीत ऊस तोडताना काजळी उडते, उसाचा रस हातातोंडाला लागतो आणि दोन्ही मिळून कातडीला चिकटतात. दहाच्या सुमाराला एक बाई फडातून बाहेर आली. कपाळापासून पायापर्यंत काळी, फक्त डोळे तेवढे पांढरे. बांधावर झोळीत तिचं वर्षा-दीड वर्षाचं पोर होतं. तिने हात पुढे केले तसं ते किंचाळून मागे सरलं. तिने पदराचं टोक तांब्यात भिजवलं आणि आधी तोंड पुसायला घेतलं. काजळी निघेना, नुसती पसरत होती. पोर रडत होतं आणि ती त्याला सांगत होती, "आरं मीच हाय. मीच हाय रं."